येवल्याहून विमानाने : दोन तासांची वाट खरी किती तासांची?

मनमाड सोडून नगरच्या रस्त्याला लागले की अंकाई-टंकाई या जोडकिल्ल्यांचे माथे दिसू लागतात. त्यांच्या परिसरातूनच रेल्वेचा रूळ आणि डांबरी सडक अशा दोन्ही वाटा येवल्याकडे उतरतात. आभाळ निरभ्र असेल तर कधी कधी या किल्ल्यांच्याही वर, फार उंच, एखादी पांढरी रेघ ओढली जाताना दिसते. रानात कांदा निंदणाऱ्या बाया क्षणभर कपाळाला हात लावून वर पाहतात. बांधावरचे पोर विचारते, "ते इमान कुठं चाललंय? कधी पोचंल?"

पोराच्या या प्रश्नाला आज आपल्या घरात मोठा अर्थ आला आहे. येवला तालुक्यातल्या गावोगावी असे घर सापडते, की ज्यातला एक जण फौजेत आहे, एखादी लेक बंगळूरला नोकरीला आहे, किंवा जावई आखातात आहे. सणासुदीला ही माणसे येतात तेव्हा तास-दोन तास इकडे तिकडे झाले तर कोणाचे बिघडत नाही. पण घरात म्हातारे माणूस अंथरुणाला खिळलेले असते, किंवा त्याहून वाईट बातमी फोनवर सांगावी लागते, तेव्हा ओटीवर जमलेली वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न हाच करतात, "पोरगा किती वाजेपर्यंत येतो? थांबायचं का?" पलीकडून उत्तर येते, "विमान दोन तासांचं आहे." आणि मंडळी दोन तासांच्या हिशेबाने थांबतात.

येवल्याच्या शेतकऱ्याला हा घोटाळा दुसऱ्या भाषेत लगेच कळेल. पालखेड धरणातून डाव्या कालव्याला आवर्तन सुटले, ही बातमी येते त्या दिवशी येवल्याच्या शेतात पाणी नसते. दिंडोरीकडून निफाड ओलांडून पाणी शेवटच्या चारीला लागेपर्यंत मध्ये किती दिवस जातात, हे कालव्याच्या शेपटाला राहणाऱ्याला कोणी शिकवायला नको. पाणी सुटले म्हणजे शेतात आले नव्हे. तसेच विमान सुटले म्हणजे माणूस घरात आला नव्हे. दोन विमानतळांमधले अंतर ही एक गोष्ट, आणि दोन उंबरठ्यांमधले अंतर ही दुसरी. या दोन्हींचा हिशेब आज आपण मांडू.

नकाशावरची सरळ वाट

रस्ता डोंगर पाहून वळतो, नदी पाहून पूल शोधतो, बाजारपेठ पाहून वाकडा होतो. विमानाला हे अडसर नाहीत. म्हणून विमानाचे अंतर रस्त्यापेक्षा नेहमी कमी भरते. ते काढायला मोठी विद्या लागत नाही. आठवी-नववीतल्या मुलाच्या दप्तरातला नकाशासंग्रह आणि एक पेन्सिल पुरते.

नकाशावर आडव्या रेघा अक्षांशाच्या असतात, उभ्या रेखांशाच्या. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे आणि त्याचे ३६० अंश होतात. म्हणजे दक्षिण-उत्तर एक अंश सरकले की सुमारे १११ किलोमीटर जमीन ओलांडली. पूर्व-पश्चिम अंश मात्र विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना आखडत जातो. आपल्या येवल्याच्या पट्ट्यात, म्हणजे विसाव्या अक्षांशाच्या आसपास, तो सुमारे १०५ किलोमीटरचा भरतो.

आता मुंबई आणि शिर्डी ही दोन विमानतळे घ्या. त्यांच्या अक्षांशांत सुमारे ०.६ अंशाचे अंतर आहे, म्हणजे ६७ किलोमीटर. रेखांशांत सुमारे दीड अंशाचे अंतर आहे, म्हणजे १५८ किलोमीटर. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू मिळाल्या. दोघींचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा. उत्तर येते सुमारे १७२ किलोमीटर. मुंबईहून शिर्डीला मोटारीने जाणारा माणूस मात्र दोनशे चाळीसच्या आसपास किलोमीटर मोजतो. कसारा घाटाची वळणे आणि वाटेतली गावे यांचा हा फरक.

याच रीतीने काढले तर शिर्डीहून हैदराबाद सुमारे ५०० किलोमीटर, बंगळूर सुमारे ८०० आणि दिल्ली सुमारे १,०२५ किलोमीटर भरते. मुलांकडून हे गणित करून घ्या. पुस्तकातला पायथागोरस घरच्या कामाला आला की तो विसरत नाही.

फार लांबच्या प्रवासाला मात्र सपाट नकाशा फसवतो, कारण पृथ्वी गोल आहे. शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा. संक्रांतीनंतर उरलेल्या मांज्याचा एक तुकडा घेऊन त्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे अमेरिकेतल्या न्यूयॉर्कवर ठेवून ताणावा. दोरा सरळ पश्चिमेला न जाता उत्तरेकडे, पार युरोपच्या वरच्या अंगाने जातो. जवळची वाट तीच. ती सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे.

अंतर थोडे, मग वेळ एवढा का?

मोठे जेट विमान उंचीवर गेले की तासाला आठशे-साडेआठशे किलोमीटर वेगाने जाते. अंकाई किल्ल्याच्या माथ्यावरून येवल्याच्या वेशीपर्यंतचे अंतर ते मिनिट-सव्वा मिनिटात कापते. अंकाईचा माथा समुद्रसपाटीपासून हजार मीटरला थोडा कमी आहे. जेट विमान सुमारे अकरा हजार मीटरवरून उडते, म्हणजे अकरा-बारा अंकाई एकीवर एक ठेवल्या तर ते त्या टोकाशी येईल. तिथली थंडी शून्याखाली पन्नास अंशांच्या आसपास असते. इंजिनातून निघणारी वाफ तिथे गोठते आणि आपल्याला खालून ती पांढरी रेघ दिसते.

या वेगाने मुंबई-शिर्डीचे १७२ किलोमीटर तेरा मिनिटांत संपायला हवेत. दोन पंख्यांचे लहान विमान तासाला पाचशेच्या आसपास जाते, त्याला वीस-एकवीस मिनिटे. पण वेळापत्रकात या वाटेला पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो. हे कसे?

एक तर वेळापत्रकातली वेळ आकाशातली नसते. उभ्या विमानाचे चाक हलल्यापासून दुसऱ्या गावी ते थांबेपर्यंतची ती वेळ असते. विमान धावपट्टीपर्यंत गाडीसारखे चालत जाते आणि पुढची विमाने सुटेपर्यंत रांगेत थांबते. मुंबईच्या जुन्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकच वापरता येते. चौफुलीवर दोन्हीकडच्या गाड्या एकदम सोडता येत नाहीत, तसेच ते आहे. दुसरे असे, की विमानाला पूर्ण उंची आणि पूर्ण वेग गाठायला वेळ लागतो, आणि उतरण्याची तयारी फार आधीपासून सुरू करावी लागते. वाट जवळची असेल तर चढणे संपते न संपते तोच उतरणे सुरू होते. बैल जुंपणे आणि सोडणे यांतच सकाळ जावी आणि नांगराचे तास मोजकेच व्हावेत, तशी गत होते.

म्हणून जवळच्या प्रवासात विमानाचा वेग फुकट जातो. लांबच्या प्रवासात तो कामाला येतो. शिर्डी-दिल्ली हे अंतर मुंबई-शिर्डीच्या सहापट आहे, पण वेळ लागतो दोन तासांच्या आसपास, म्हणजे पावणेतीनपट.

येवल्याभोवतीची तीन विमानतळे

येवल्याला स्वतःचा विमानतळ नाही, पण तीन दिशांना तीन आहेत.

दक्षिणेला शिर्डीचा. तो खुद्द शिर्डीत नाही. कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावच्या माळावर आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी त्या वेळचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि शिर्डी-मुंबई विमानाने तिथली सुरुवात झाली. येवल्याहून कोपरगाव, तिथून शिर्डी आणि पुढे काकडी असे मिळून सुमारे पन्नास किलोमीटर होतात.

पश्चिमेला नाशिकचा, म्हणजे ओझरचा. १९६४ साली मिग विमाने बांधण्यासाठी हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा कारखाना ओझरला उभा राहिला. त्याच्याच धावपट्टीवर पुढे प्रवासी विमाने येऊ लागली आणि २०१४ साली तिथे प्रवाशांसाठी नवी इमारत झाली. येवल्याहून विंचूर-निफाडमार्गे ते अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे.

पूर्वेला छत्रपती संभाजीनगरचा, चिकलठाण्याचा. वैजापूरवरून गेले तर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर.

आता गंमत पाहा. या तिन्ही ठिकाणांहून दिल्लीचे हवाई अंतर काढले, तर चिकलठाण्याहून सुमारे ९८०, ओझरहून सुमारे ९९० आणि काकडीहून सुमारे १,०२५ किलोमीटर भरते. तिन्हींत फरक अवघा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा, म्हणजे विमानाच्या तीन-चार मिनिटांचा. पण जमिनीवर पन्नास आणि सव्वाशे किलोमीटर यांत दीड तासाचा फरक पडतो. यावरून पहिला धडा असा, की विमानतळ निवडताना आकाशातले अंतर पाहू नये, रस्त्यावरचे पाहावे. आणि त्याहून आधी पाहावे की आपल्याला हव्या त्या दिवशी, हव्या त्या गावाला तिथून विमान आहे का. लहान विमानतळांची वेळापत्रके हंगामाप्रमाणे बदलतात. गेल्या वर्षी होते म्हणून यंदा असेलच असे नाही.

उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत

येवल्यातून दिल्लीला निघालेल्या माणसाचा हिशेब मांडू. घरातून काकडीला जायला दीड तास धरावा. रस्ता सव्वा तासाचा असेल, पण गुरुवारी आणि सुटीच्या दिवशी शिर्डीच्या वाटेवर भाविकांची गर्दी असते, आणि नगर-मनमाड रस्त्यावर मालमोटारी काही कमी नाहीत. विमान सुटण्याच्या दोन तास आधी पोचावे. सामान घेण्याची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते आणि ती बंद झाली की विमान समोर उभे दिसत असूनही बसता येत नाही. एस.टी.ला हात केला तर ती थांबते, विमान थांबत नाही. विमानातले दोन तास. उतरून सामान मिळेपर्यंत पाऊण तास. दिल्ली शहरात मुक्कामाला पोचायला सव्वा तास. बेरीज होते साडेसात तास. त्यातले विमानाचे फक्त दोन. उरलेले साडेपाच तास जमिनीवरचे.

हेच साडेपाच तास लक्षात ठेवण्यासारखे आहेत. विमान मुंबईचे असो की दिल्लीचे, जमिनीवरचा हा खर्च थोड्याफार फरकाने तेवढाच राहतो.

येवल्याहून मुंबईला विमानाने जायचे म्हटले तर साडेपाच अधिक पाऊण, असे सव्वासहा तास होतील. मनमाड येवल्यापासून पंचवीस-सत्तावीस किलोमीटर. तिथून मुंबई रेल्वेने २६० किलोमीटर. १९७५ साली सुरू झालेली पंचवटी एक्सप्रेस मनमाडहून पहाटे निघून साडेचार-पाच तासांत मुंबई गाठते. घर ते घर धरले तर सहा-साडेसहा तास. म्हणजे वेळ तोच आणि पैसे मात्र किती तरी कमी. मुंबईला विमानाने जाण्यात आपला काही फायदा नाही.

दिल्लीची गोष्ट निराळी. मनमाड ते दिल्ली रेल्वेने सुमारे १,२८० किलोमीटर. गाडीप्रमाणे अठरा ते बावीस तास. मनमाडला जाणे, वाट पाहणे आणि दिल्लीत मुक्काम गाठणे धरून दिवस आणि रात्र गेलीच. इथे विमान पंधरा-सोळा तास वाचवते.

ढोबळ नियम असा बांधता येईल. मोटारीने किंवा रेल्वेने सहा-सात तासांत जाता येते तिथे विमानाचा विचार करू नये. त्याच्यापुढे विमान वेळ वाचवू लागते, आणि दहा-बारा तासांच्या पुढे भरपूर वाचवते. ही सीमारेषा कायमची नाही, रस्ते सुधारले की ती पुढे सरकते. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. कोपरगाव तालुक्यातून चढले की मोटारीने नागपूर सहा-साडेसहा तासांवर आले. पूर्वी नागपूरसाठी विमान शोधणे शहाणपणाचे होते, आता ते हिशेब करूनच ठरवावे.

येवल्याच्या माणसाला दूरची वाट नवी नाही, हेही या ठिकाणी सांगितले पाहिजे. १८५७ च्या लढ्यातले सेनापती तात्या टोपे हे मूळचे येवल्याचे. त्यांचा जन्म १८१४ चा. पेशवाई १८१८ साली बुडाली आणि दुसरे बाजीराव कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास गेले. त्यांच्यामागोमाग हे कुटुंबही गेले. येवल्याहून ते ठिकाण सरळ रेषेत नऊशेहून अधिक किलोमीटर आहे, वाटेने त्याहून बरेच जास्त. बैलगाडी दिवसाला पंचवीस किलोमीटर चालली असे धरले तरी दीड-दोन महिन्यांचा प्रवास. १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे झाली, येवल्याला स्टेशन आले आणि महिन्यांचे दिवस झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला एका लहानशा विमानातून टपालाच्या थैल्या आणल्या, आणि दिवसांचे तास होण्याची सुरुवात झाली. पण एक गोष्ट बैलगाडीच्या काळापासून आजतागायत बदललेली नाही. प्रवास घराच्या दारात सुरू होतो आणि घराच्या दारातच संपतो.

वारा येवलेकरांनी शिकवावा

विमानाचा वेळ अंतरावर जसा, तसा वाऱ्यावरही ठरतो. ही गोष्ट येवल्यात समजावून सांगण्याची गरज नाही. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस हे गाव गच्चीवर असते. हलकडीच्या तालावर पतंग चढतात. आसारीवर दोरा धरलेल्या पोरालाही ठाऊक असते, की जमिनीवर पान हलत नसले तरी वर वारा असू शकतो, आणि खालचा वारा एका दिशेचा तर वरचा दुसऱ्या दिशेचा असू शकतो.

विमान उडते त्या उंचीवर हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्याचा वेग पुष्कळदा ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. पूर्वेला जाणाऱ्या विमानाला तो पाठीवर मिळतो, पश्चिमेला जाणाऱ्याच्या छातीवर येतो. म्हणून दिल्लीहून कोलकात्याला जाण्यापेक्षा तिकडून परत येताना जास्त वेळ लागतो, आणि आखातातून मुंबईला येणारे विमान जाणाऱ्यापेक्षा लवकर पोचते. वाट तीच, विमान तेच.

धुके हा हिवाळ्यातला दुसरा खोळंबा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला पहाटे दाट धुके पडते आणि विमाने तासन्‌तास अडकतात. आपल्या काकडीलाही हा अनुभव आला आहे. २०१९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात दूरचे नीट दिसत नसल्याने तिथली विमाने कित्येक दिवस बंद राहिली होती. म्हणून थंडीच्या दिवसांत पहाटेच्या विमानापेक्षा दुपारचे विमान भरवशाचे समजावे.

कधी माणसांची भांडणेही वाट लांबवतात. २०१९ च्या फेब्रुवारीअखेरीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानने आपले आकाश आपल्या विमानांना बंद ठेवले होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा तशीच बंदी आली. दोन्ही वेळी दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. नकाशावरचे अंतर तेच राहिले, पण वाट लांबली आणि वेळ वाढला. शेजाऱ्याने बांधावरची वाट अडवली की आपल्याच शेताला लांबून जावे लागते, त्यातलाच हा प्रकार.

तिकिटावरचे घड्याळ

परदेशातून येणाऱ्या माणसाच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. तिकिटावर छापलेली वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. समजा, मुंबईहून सकाळी १० वाजता निघालेले विमान तिथल्या घड्याळाप्रमाणे ११ वाजून ४५ मिनिटांनी पोचते. पाहणाऱ्याला वाटते, पावणेदोन तासांत दुबई! परत येताना तिथून सकाळी १० ला निघालेले विमान इथल्या घड्याळाप्रमाणे दुपारी सव्वादोनला पोचते. पाहणाऱ्याला वाटते, सव्वाचार तास कसे लागले?

याला एक सोपी युक्ती आहे. जाण्याचा आणि येण्याचा असे कागदावरचे दोन्ही वेळ मिळवा आणि निम्मे करा. पावणेदोन आणि सव्वाचार मिळून सहा, निम्मे तीन. मुंबई-दुबईचा खरा प्रवास सरासरी तीन तासांचा. घड्याळातला फरक एकीकडे वजा होतो, दुसरीकडे अधिक होतो, म्हणून बेरजेत तो उडून जातो. आता आपल्या उदाहरणात जाताना सव्वातीन तास आणि येताना पावणेतीन तास लागले आहेत. हा अर्ध्या तासाचा फरक वाऱ्याचा.

माल कोणता, घाई किती

वेळेची किंमत माणसागणिक निराळी, तशी मालागणिकही निराळी असते. येवल्याची पैठणी वजनाला हलकी आणि किमतीला भारी. किलोवर भाडे घेणाऱ्या विमानाचा खर्च ती सहज सोसते. येवल्याचाच कांदा वजनाला भारी आणि किलोला किंमत थोडी. त्याला विमानाचे भाडे लावले तर भाडेच मालाच्या वर जाईल. म्हणून आखाताकडे जाणारा आपला कांदा समुद्रमार्गे जातो, आणि युरोपला जाणारी नाशिकची द्राक्षेही बहुतांशी थंड पेट्यांतून बोटीनेच जातात. माल टिकत असेल तर घाईचे पैसे देण्यात अर्थ नाही. फुले, कोवळी भाजी अशा एक-दोन दिवसांत मावळणाऱ्या आणि परदेशात चांगला भाव असलेल्या मालालाच विमान परवडते.

निरोप आल्यावर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घरात वाईट घटना घडली आहे. मुलगा दिल्लीला आहे. सकाळी सहाला त्याला फोन गेला. तो किती वाजता पोचेल?

पहिली गोष्ट, विमान किती तासांचे हे विचारू नका. "तुला मिळालेलं विमान किती वाजता सुटतं आणि कुठं उतरतं?" असे विचारा. शिर्डीचे विमान रोज हव्या त्या वेळी नसते. त्या दिवशीचे निघून गेले असेल तर पुढचे उद्याच. अशा वेळी दिल्लीहून मुंबईला दिवसभर विमाने सुटतात हे लक्षात ठेवावे. दुपारी एकला सुटणारे मुंबईचे विमान सव्वातीनच्या सुमारास उतरेल. बाहेर पडायला अर्धा-पाऊण तास, आणि तिथून मोटारीने येवला पाच-सहा तास. म्हणजे रात्री नऊ-दहा. तीच गोष्ट उद्या सकाळच्या थेट शिर्डीच्या विमानाने केली, तर तो उद्या दुपारी पोचेल. थेट विमान जवळचे दिसते, पण माणूस आधी येतो तो मुंबईच्या वाटेने. दोन्ही हिशेब कागदावर मांडावेत आणि उंबरठ्यावर जो आधी पोचवतो तो धरावा.

दुसरी गोष्ट, सामान. अशा वेळी येणाऱ्याला हातातल्या एका पिशवीवर यायला सांगावे. सामान पट्ट्यावर येण्याची वाट पाहण्यात अर्धा तास सहज जातो.

तिसरी गोष्ट, गाडी. दिल्ली-शिर्डी विमानाला दोन तास लागतात आणि येवल्याहून काकडीला सव्वा ते दीड तास. तेव्हा "विमानात बसलो, दार लागलं" असा फोन आला की येवल्याहून गाडी सोडावी. ती वेळेवर पोचते आणि विमान रद्द झालेच तर हेलपाटाही पडत नाही. बंगळूरचे विमान दीड तासाच्या आसपासचे आहे. त्यासाठी गाडी थोडी आधी काढावी. रात्रभर जागलेल्या किंवा रडून थकलेल्या माणसाच्या हाती मात्र गाडी देऊ नये, शेजारच्या कोणाला पाठवावे.

चौथी गोष्ट जमलेल्या वडीलधाऱ्या मंडळींसाठी. "दोन तासांचं विमान आहे" या वाक्यावर कोणताही निर्णय करू नका. विमान सुटायच्या वेळेपासून मोजा. विमानाची वेळ, बाहेर पडण्याचा अर्धा तास, रस्त्याचा दीड तास आणि वर एक तास खोळंब्याचा धरा. तो आकडा येणाऱ्याला आणि जमलेल्यांना दोघांनाही सांगा. उशीर फार होत असेल आणि थांबणे शक्य नसेल, तर तेही त्याला वाटेत असतानाच धीराने, घरातल्या जाणत्या माणसाने सांगावे. दारात आल्यावर परक्याकडून कळण्यापेक्षा ते बरे. कोणाला तरी थांबवून ठेवणे आणि कोणाला तरी चुकवणे, या दोन्ही गोष्टी चुकीच्या आकड्यामुळे घडू नयेत, एवढे तर आपल्या हातात आहे.

घरातल्या दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहून ठेवाव्यात : काकडी पन्नास किलोमीटर, दीड तास. ओझर सत्तर किलोमीटर, दोन तास. चिकलठाणे सव्वाशे किलोमीटर, तीन तास. मुंबई विमानतळ, पाच-सहा तास. त्याखाली बाहेरगावी असलेल्या प्रत्येक मुला-मुलीच्या गावाहून कोणत्या विमानतळावर विमान येते आणि ते किती वाजता सुटते, हे त्यांनाच विचारून पेन्सिलीने लिहावे. वेळापत्रक बदलले की खोडून पुन्हा लिहिता येते. कागद बराच काळ नुसता भिंतीवर राहावा, एवढीच इच्छा. पण त्याची गरज पडेल त्या दिवशी घरात कोणाचेच डोके ठिकाणावर नसते, म्हणून तो आजच लिहिलेला बरा.